कॉलेजातून परतलेला निरोप

आई गीताबाई गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला सिद्धोधन अमेरिकेतून आला. वंदना झाली, जेवणं उठली, ताडकळसचे पाहुणे गेले. तरी थोरल्या बहिणीशी, सुकेशनीशी, तो धड बोलला नव्हता.

सुकेशनी आता निवृत्त झाली आहे. नव्वदच्या सुमारास ती परभणीतल्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर होती. दिवसभराची ई-मेल संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवरून पुण्याला आणि तिथून पुढं जायची. सिद्धोधन तेव्हा अमेरिकेत शिकत होता. आबांना, म्हणजे वडिलांना, अर्धांगवायू झाला तसे सितारामकाका त्याला तार करायला निघाले.

“काका, तार कशाला? माझ्या मशीनवरून लवकर जातंय,” म्हणून तिनंच त्यांना थांबवलं.

आबांची जीभ जड झाली होती, पण “सिद्धूचा फोन?” एवढं कळायचं. कोपऱ्यावरच्या मेडिकलात फोन होता. ती तिथं बसून राहायची. फोन आला नाही. आबा गेले.

पुढं पत्रानं त्याला कळलं. त्यानं उलट एकच ओळ लिहिली: तार करायला काय झालं होतं? तेव्हापासून तो फक्त आईशी बोलायचा.

आज ती उरलेली भाजी काढून ठेवत होती. तो दारात उभा राहिला.

“काय मशीनवाल्या बाई? आबांचा निरोप मशीननं खाल्ला का तुमीच?”

“कुणीच न्हाई खाल्ला. आज तरी ऐकून घे, सिद्धू. पत्ता लिहायच्या तवा दोन तऱ्हा होत्या.”

“ठाऊक हाय. एकीत सगळी वाट लिहायची. आधी हे मशीन, मग ते, प्रत्येक नावापुढं उद्गारचिन्ह. दुसरीत नाव, ॲट आन् मशीन. मधल्यांनी वाट शोधायची.”

“मी दोन्ही लिहिलं. आधी वाट, शेवटी तुझा ॲटवाला पत्ता. मानवतला निरोप धाडायचा तर आपण कंडक्टरचं नाव सांगतो, स्टँडवरच्या चहावाल्याचंबी सांगतो. नुसत्या पत्त्यावर माझा भरवसा बसंना.”

“मग?”

“पुण्यापस्तोर नीट गेलं. पुढच्या मशीननं वाट सोडून ॲटच्या उजवीकडचं आधी वाचलं.”

तो खुर्चीवर बसला. हे पुढचं त्याला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

“म्हंजे थेट माझ्या कॉलेजात.”

“व्हय. कॉलेजच्या मशीननं ॲटच्या उजवीकडचं आपलं नाव तोडलं आन् उरलेली वाट धरली. परत बाहेर, मधल्या मशीनवर धाडलं. तिथं सिद्धोधन नावाचा कोण असंल? आबांना पोचवून आले, तवा माझ्याकडं परत येऊन पडलं होतं.”

“मी त्याच खोलीत बसायचो, अक्का. मशीनला खेटून. जेवायलाबी तिथंच.”

तिला वाटत आलं होतं, एकदा कळलं की हा निवळेल. निदान दोन घास खाईल. त्याचा चेहरा मात्र बघवेना. इतकी वर्षं त्याच्याजवळ राग काढायला एक बहीण होती.

“आधी का न्हाई सांगितलंस?”

“तू फोन मायलाच द्यायला सांगायचास.”

“मग आता तरी कशाला सांगितलंस?” तो उठला. “लय उपकार झाले.”

सकाळी येणारी गाडी त्यानं संध्याकाळीच बोलावून घेतली. तिनं ताट वाढलं होतं, तिकडं तो वळलाही नाही. निघताना दोन्ही हात जोडून जयभीम म्हणाला, ताडकळसच्या पाहुण्यांना म्हणाला होता तसाच.