काचेतलं कुंकू

"वापरायला डुप्लिकेट घे, ओरिजिनल जपून ठेव," असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मग समोर नवरा असो, नाहीतर क्लबातले पांढऱ्या मिशांचे जाणकार.

मी इंग्लंडात स्लाऊला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करते, राहते मेडनहेडला, आणि रविवारी सकाळी रेंजवर पालथी पडून दुसऱ्या महायुद्धातली स्नायपर रायफल चालवते. हो, मीच. पुण्यातल्या मावश्यांना अजून वाटतं, मी थट्टा करतेय. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने नेमबाजी क्लबाच्या गेस्ट डेला ओढून नेलं आणि मी तिथलीच झाले. पोलिसांची चौकशी, सर्टिफिकेट, भिंतीला ठोकलेलं स्टीलचं कपाट, सगळं रीतसर केलं.

रायफल मला क्लबातल्या एका आजोबांनी विकली. त्यांचा खांदा गेला होता. तिच्यावर बसणारी दुर्बीण, म्हणजे स्कोप, तिच्या जन्मापासूनचा. फॅक्टरीत दोघांची जोडी जमली की स्कोपचा नंबर रायफलच्या लाकडी दस्त्यावर ठोकत असत. पुढे बहुतेक जोड्या फुटल्या, स्कोप एकीकडे आणि रायफल भलतीकडे. माझी टिकली. "यांची ताटातूट करू नकोस," आजोबा म्हणाले, "आणि शोभेला ठेवू नकोस, चालव." मी शब्द दिला.

आता ते जाणकार. रिटायर्ड गृहस्थ, जुन्या शस्त्रांतलं त्यांना सगळं कळतं, हे मान्य. त्यांच्याकडेही अशीच रायफल आहे. पण तिचा खरा स्कोप घरी कापसात गुंडाळून झोपलेला, आणि रायफलवर हल्ली बनवलेली हुबेहूब नक्कल. क्लबच्या नियमात दोन्ही चालतात. खोटं कशाला बोलू, नक्कल छानच असते. काच लख्ख, पाणी शिरत नाही, अंतराची चकती फिरवली की खटखट मोजून सरकते. माझ्या म्हाताऱ्याची चकती थंडीत रुसते, आणि ढगाळ दिवशी टार्गेट म्हणजे अंदाजपंचे. तरी मला तोच हवा. का, ते सांगते.

माझ्या बाबांनी एकदा हौसेने निळ्या फुलांचे कप आणले होते. आईने ते शोकेसमध्ये ठेवले, पाहुण्यांसाठी. आम्ही स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचो. तसे पाहुणे काही आले नाहीत. ते कप पहिल्यांदा बाहेर निघाले बाबांच्या तेराव्याला. आणणाऱ्याने त्यातून एक घोट घेतला नाही. मी त्या दिवशी ताडताड बोलले सगळ्यांना, आणि अजून बोलते.

तर, सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. खंडेनवमी आली. "घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही? शोभतं का गं हे?" मी म्हटलं, अहो आई, संध्याकाळी मी आले की करू. सर्टिफिकेट माझ्या एकटीच्या नावावर, त्यामुळे कपाटाची चावी नवऱ्याच्याही हाती लागता कामा नये. पण स्कोपला कसलं सर्टिफिकेट लागत नाही. तो त्याच्या पत्र्याच्या डब्यात माझ्या टेबलावर होता. सासूबाईंनी विचार केला, मुहूर्त कशाला टाळा, बंदूक नाही तर तिचा डोळा तरी.

मी घरी आले तेव्हा पाटावर लाल कापड, त्यावर स्कोप, झेंडूची फुलं. पूजा म्हटली की आधी स्नान आलंच. फुलाने पाणी शिंपडलेलं, भरपूर. मग हळद, कुंकू, अक्षता. पुढच्या काचेलाही ओल्या कुंकवाचं बोट. त्या निरांजन घेऊन उभ्या. "किती सुंदर दिसतोय ना गं?"

मी स्कोप उचलून उजेडात धरला. त्या स्कोपच्या सांध्यांत भरलेलं ग्रीस कधीच वाळून गेलंय. पाणी आत गेलं होतं. आतून काचेवर धुकं, आणि पुढच्या काचेच्या कडेला, आतल्या बाजूला, एक गुलाबी चंद्रकोर. राग आला नाही असं नाही. पण त्या चेहऱ्याकडे बघून मी "हो, सुंदर" एवढंच म्हटलं.

नवऱ्याला कुठे राहवतंय! जेवताना तो बोललाच, "आई, अगं काय करून ठेवलंस! अँटिक होतं ते!" सासूबाईंचा घास हातातच राहिला. "मला काय माहीत रे," म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "माझं तिकीट अलीकडचं करून दे." दुसऱ्या दिवसापासून त्या घरातल्या कुठल्याच वस्तूला हात लावीनात. चहासुद्धा मी करून देईपर्यंत थांबायच्या. स्कोपचं काय व्हायचं ते होवो, पण या बाईने आमच्या घरात चोरासारखं बसायचं?

रविवारी क्लबात जाणकारांनी स्कोप हातात घेतला, पूजेची हकीकत ऐकली आणि दातांमधून श्वास ओढला. "तुम्हा लोकांचा हेतू चांगलाच असतो," ते म्हणाले. इंग्रजी सभ्यपणात याचा अर्थ काय होतो, ते इथे चार वर्षं काढलेल्या कोणालाही विचारा. मग त्यांनी तोडगा सुचवला. त्यांची नक्कल मी घ्यायची, हा स्कोप त्यांना द्यायचा. ते काच बदलून घेतील आणि नीट सांभाळतील. नवरा सोबत होता, तो हळूच म्हणाला, "देऊन टाक ना. घरातली कटकट तरी मिटेल."

झालं. माझा आवाज चढला, सगळं चहाचं टेबल वळून बघायला लागलं. मी म्हटलं, "हा स्कोप माणसं मारायच्या कामाला लावला होता. चिखलात लोळला, पावसात भिजला, तेव्हा याला काही झालं नाही. आणि एका बाईने हळद-कुंकू वाहिलं तर हा बाटला? नाही देणार. आणि हो, तुमचा खरा स्कोप कसा आहे? शेवटचा कधी भेटलात त्याला?" जाणकारांनी चहात साखर घातली. ते बिनसाखरेचा पितात.

ब्रिस्टलला एकजण जुन्या दुर्बिणी उघडून दुरुस्त करतो. त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, आतली ओल काढतो, सांधे भरून देतो, डागही पुसून टाकतो. मी विचारलं, त्या डागाने नेम चुकतो का? छे, म्हणाला, डोळा लावल्यावर तो दिसणारही नाही, समोरून काच बघणाऱ्यालाच दिसेल. "मग धुकं काढा," मी म्हटलं, "गुलाबी राहू द्या." त्याने भुवया वर केल्या, पण चंद्रकोर ठेवली.

स्कोप घरी आला तशी मी तो सासूबाईंसमोर धरला. त्यांनी चष्मा लावला, हात मात्र मांडीवरच. "अगं, हे पुसलं नाही त्याने?"

"मीच नको म्हटलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा घरभर फोडणीचा वास होता, आणि तिकिटाचा विषय परत निघाला नाही.

पुढच्या मॅचला मी कितवी आले विचारू नका. जाणकार त्यांच्या लख्ख नकलेवर माझ्या बरेच पुढे होते. असू देत. मी त्यांच्यासमोर चंद्रकोरीवरची काच मुद्दाम रुमालाने घासून चमकवली.

यंदा खंडेनवमीला सासूबाई परत आमच्याकडे होत्या. मी रजा टाकली, कपाट उघडलं, आणि रायफल स्कोप चढवूनच पाटावर ठेवली. त्या दारातच थबकल्या, हात पाठीमागे. "नको गं बाई. नक्कल का काय मिळते म्हणे, ती असेल तर आण, तिची करते."

"नक्कल नाहीये आपल्याकडे. आहे ते हेच." मी कुंकवाची कोयरी त्यांच्यापुढे धरली.

"आणि परत बिघडलं तर?"

"बिघडलं तर बिघडलं. लावा तुम्ही."

त्यांनी पदराला हात पुसले, आणि लावलं.