गल्लीची अक्का आणि एकतर्फी हुकूम

शिरोळ तालुक्यातल्या एका उंबऱ्यावर घडलेली ती घटना आजही आठवते. सत्तरीच्या दशकाची अखेर होती आणि मी तिथे फौजदार होतो. घराचा ताबा घ्यायला कोर्टाचा बेलिफ आला होता. त्याला बंदोबस्त द्यायचा, एवढेच माझे काम. दिराने विधवा भावजयीवर दावा लावला होता. ती हजर न राहिल्यामुळे हुकूम एकतर्फी झाला होता.

बाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. "कोर्टानं मला बोलिवलंच न्हाय. मी उठणार न्हाय."

बेलिफ म्हणाला, "समन्स तुमच्याच घरात दिलंय. तुमच्या अक्कानं, थोरल्या बहिणीनं, अंगठा केलाय."

"मला बहीणच न्हाय. मी एकटी लेक."

गल्ली हसली. सगळ्यांची बोटे समोरच्या फुटाणेवाल्या म्हातारीकडे गेली. कर्नाटक सीमेकडच्या त्या भागात अक्का ही साऱ्या गल्लीची असते. मी म्हातारीला बाजूला घेतले.

"ही म्हायेरला गेलती. मी म्हशीला वैरण घालाय आलतो. त्यो म्हनला, तू कोन? म्या म्हटलं, अक्का. अंगठा दे म्हनला, दिला."

"कागद कुठाय?"

"पुड्या बांधल्या की फुटाण्याच्या."

ताबा घ्यायला आलेला दीर तापला. "सायेब, तुमचं काम बंदोबस्ताचं. वकिली करू नका."

तोवर गल्लीतल्या बायका बाईंशेजारी येऊन बसल्या होत्या. मी बेलिफाला सांगितले, "यांच्यावर मी लाठी चालवणार नाही. हरकत लिहा आणि ताब्याचं वॉरंट कोर्टाला परत न्या." बाईंना म्हटले, "एकतर्फी हुकूम रद्द करून दावा पुन्हा चालवा, असा अर्ज करता येतो. आजच वकील गाठा."

बेलिफाने बाईंना विचारले, "आणि पुन्हा हरलात तर?"

"घर सोडीन. पर मला समोर उभी करून हरवा."

माझ्यावर तक्रार झाली. वरिष्ठांनी विचारले, "कोर्टाला कायदा शिकवता?"

"नाही साहेब. बाईंना कोर्टाची वाट दाखवली."

अर्जाच्या सुनावणीत न्यायाधीशांनी म्हातारीला नाते विचारले. ती म्हणाली, "नातं कसलं, सायेब? तुमी बी अक्काच म्हना की." हुकूम रद्द झाला, दावा नव्याने चालला आणि घर बाईंकडेच राहिले. माझी मात्र बदली झाली.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या वडिलांना विचारून कुणी कधी काही ठरवले नाही. शिक्षणाने मला नोकरी दिली, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. पण समोरच्याला आधी विचारावे, हे मला त्या उंबऱ्याने शिकवले. पुढे ताब्याच्या प्रत्येक बंदोबस्ताला मी दारात पहिला प्रश्न हाच करीत असे, "कोर्टाचा कागद तुमच्या हातात पडला का?" वरिष्ठांना ते कधी रुचले नाही. मी विचारीत राहिलो.