सविताच्या ताटातला पालक

मैत्रिणींनो, आत्ताच घरी आले, पण हे आधी तुम्हाला सांगते!

मी अंगणवाडी सेविका. खुलताबाद रोडच्या आमच्या वस्तीत टँकर आठवड्यातून एकदाच येतो. तरी गरोदर सविताच्या दारात पालक तरारलाय, राखेनं घासलेल्या भांड्यांच्या पाण्यावर!

पण मागच्या भेटीत कळलं, सगळी भाजी नवऱ्याच्या डब्यात जायची आणि सविता पातेलं पुसून खायची. मी लई चिडले होते. सासूबाईंना सांगून आले होते, बाळासाठी हिचं रक्त वाढायला हवं, पालक आधी हिला द्या, वर लिंबू पिळून.

आज सविताच्या सासूबाईंनीच मला हाक मारली. "ताई, आधी हिचं ताट बघा!" ताटात पालकाची भाजी, वर लिंबू पिळलेलं.

"आणि लेकाच्या डब्यात?" मी विचारलं.

"चटणी दिली. त्याला कुठं बाळ व्हायचंय?"

खरं सांगा, तुमच्या घरी भाजी कमी पडली, तर कुणाच्या ताटात कमी पडते?