अस्वलाची बाजू

मोबाइलवरचा खेळ मुद्दाम हरण्यासाठी खेळणारी बाई साऱ्या जगात एकच आहे, आणि ती माझी थोरली आत्या आहे. हे मी अभिमानाने सांगतोय की शरमेने, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही. बेला या सीमेलगतच्या गावाजवळ तिचं खेडं आहे, तिथे तिला कोणी वेडी म्हणत नाही, कारण तसं म्हणण्याची कोणाची छाती नाही. सत्तरीला टेकली तरी ज्वारी हुरड्यात आली की ती शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढते आणि गोफण फिरवते. तिचा खडा पाखराच्या शेपटाजवळून असा जातो, की पाखरू मरत नाही, पण त्या वावरात पुन्हा फिरकतही नाही.

या बाईच्या आयुष्यात कार्टून आलं ते तिच्या नातीमुळे. मुलगा आणि सून हैदराबादला नोकरीला, त्यामुळे चिमी दोन वर्षांची असल्यापासून आत्याजवळच वाढली. चिमीला आधी मोबाइलवरच्या एका खेळाचा नाद लागला, आणि मग त्याच खेळावरून काढलेलं कार्टून रोज चार वाजता टीव्हीवर लागू लागलं. गोष्ट रोज एकच. एक जाडं अस्वल टरबुजाची वाडी राखतं, एक टोपीवाला बेडूक त्याची टरबुजं पळवतो. त्याच्यामागे धावताना अस्वल सालीवरून घसरतं, विहिरीत पडतं, नाहीतर बेडकासाठी स्वतःच खणलेल्या खड्ड्यात जातं. बोलत कोणीच नाही, नुसते धडामधुडूम आवाज. चिमी हसून हसून जमिनीवर लोळायची. आत्या मात्र पहिल्या दिवशी मयतीला बसल्यासारखी बसली, आणि शेवटी म्हणाली, "ज्यानं वाडी लावली, पाणी देल्लं, राखण केली, त्यालेच मार काऊन?"

"आजी, अस्वल व्हिलन हाये," चिमीने समजावलं.

"अस्वल शेतकरी हाये. चोर तं तुहा बेडूक हाये."

झालं. त्या दिवसापासून चिमी बेडकाकडून आणि आत्या अस्वलाकडून, आणि रोज चार वाजता त्या घरात असं भांडण पेटायचं की नवखा माणूस सोडवायला धावला असता. आत्या अस्वलाला राखणीचे धडे द्यायची. "अरे, बांधाकडून जाय. पायाखाली पाह्य, साल हाये." अस्वल ऐकायचं नाही आणि हटकून सालीवर पाय द्यायचं. एकदा तर तिला इतका संताप आला की भाजी चिरता चिरता हातातलं वांगं तिने बेडकावर भिरकावलं. नेम गोफणीचा, तो चुकतो कसा. टीव्हीच्या कोपऱ्यात आजही तडा आहे. काय झालं म्हणून दुरुस्तीवाल्याने विचारलं, तर म्हणाली, "बेडकाले लागलं." वर केबलवाल्याला दारात अडवून, एक दिवस तरी अस्वलाला जिंकू द्या अशी दरखास्त कुठल्या दफ्तरात द्यायची, हेही तिने विचारून घेतलं. त्या बिचाऱ्याने हात जोडले. "अम्मा, ये मेरे हाथ में नहीं है."

मग चिमीने आजीला गप्प करायचं म्हणून मोबाइल तिच्या हातात दिला. खेळात आपण बेडूक व्हायचं, टरबुजं पळवायची आणि अस्वलाला चुकवायचं. आत्याने चष्मा लावला, बेडकाला वाडीच्या मधोमध नेलं आणि गपचूप उभं केलं. अस्वल आलं, त्याने बेडकाला उचलून आपटलं, आणि खेळ संपला. बेडकाला तीन जीव मिळतात असं कळल्यावर तिने तीनही जीव अस्वलाच्या हवाली केले. चिमीने "आजी, तू हारली" म्हणून बोंब ठोकली. "मी कुठं हारली? अस्वल जितलं," आत्या म्हणाली, आणि त्या दिवशी तिने खुशीत पुरणपोळ्या केल्या.

या जूनमध्ये चिमीचं नाव हैदराबादच्या शाळेत घातलं. मुलगा घ्यायला आला तेव्हा मी माझ्या गावाहून, मावल्याहून, मुद्दाम गेलो होतो. आत्या रडली नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाली, "तिथं मायबाप दिवसभर कामावर. पोरीसंग भांडन कोन? न भांडता पोर मले इसरून जाईन." मी हसलो. आता त्या हसण्याचं मलाच वाईट वाटतं.

दिवाळीच्या आधी एका रविवारी गेलो, तर आत्या ओट्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली, आणि चक्क टरबुजं पळवत होती. बेडूक पाचव्या वाडीत पोचला होता. मी तोंडात बोट घातलं. ती जरा ओशाळली. "आज तिचा फोन येते. तिच्या बेडकाले इथवर आणलं म्हटलं तं खूश होईन." पाच महिने खपून, आपलं तत्त्व गुंडाळून ठेवून, ही बाई चोरी शिकली होती.

चार वाजता फोन आला. आत्याने तोंड उघडण्याआधीच पलीकडून चिमी ओरडली, "आजी, मी बेडकाले उभं ठेवलं. तिन्ही बार. तुहं अस्वल जितलं."

आत्या मांडीवरच्या पदराशी चाळा करत राहिली. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती दरडावून म्हणाली, "काऊन उभं ठेवलं? बेडूक उपाशी मरन ना."

"तो चोर हाये आजी."

"चोर कायचा? इवलंसं जनावर. एक टरबूज खाल्लं तं काय बिघडलं?"

"अस्वलानं पाणी देल्लं नं पण."

पुढची वीस मिनिटं दोघी कडाकडा भांडल्या. चिमी अस्वलाकडून, आत्या बेडकाकडून. एकमेकींची जुनी वाक्यं एकमेकींच्या अंगावर फेकत होत्या. आत टीव्हीवर अस्वल पुन्हा विहिरीत पडलं, पण त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. शेवटी चिमीने रागाने फोन आपटला.

आत्याने चष्मा काढला, पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "चांगली भांडली पोरगी. इसरली नाही."