गच्चीवरचा पंख

बोरीवलीतल्या एका सोसायटीच्या गच्चीवर एक निवृत्त गृहस्थ सुटे भाग मागवून दोघांपुरतं विमान बांधत होते. बातमीसाठी मी एकदाच तिथे गेलो. पत्र्याच्या एका बाजूने ते पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकत, पलीकडून त्यांची बायको लोखंडी ठोकळा दाबून धरी. प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावरून ते नख फिरवत. जरा तिरका लागला की ड्रिलने काढून टाकत आणि नवा बसवत.

तयार झालेल्या पंखाकडे वळताच मात्र ते संतापले. सत्यनारायणाच्या पूजेची रोषणाई बांधायला सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यात स्क्रू मारून घेतला होता. भोकापासून पत्र्याला चीर गेली होती.

"एवढंसं भोक, काका! लांबी भरा, वर रंग मारा. कोण बघतंय?" बोलावल्यावर वर आलेले सेक्रेटरी म्हणाले.

"वर हा पत्रा फाटला तर आम्हा दोघांना खाली झेलायला तू येणार आहेस का रे?"

सेक्रेटरी नुसते हसले आणि निघाले. निष्काळजीपणा इतका हसतमुख असतो, हे मी तिथे पाहिलं.

अख्खा पत्रा बदलावा लागणार होता. गृहस्थांनी चष्मा चढवला आणि पहिल्या रिव्हेटवर ड्रिल टेकवलं. आवाज सुरू होताच जिन्यातून सेक्रेटरी ओरडले, "काका, दुपारी लोक झोपतात हं! जरा दुसऱ्यांचाही विचार करा!"