पॉलिश नको

आई आमच्या सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये पडली ती बिल्डरने लावलेल्या गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती उरणला माझ्या भावाकडे राहिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा पडल्या तर चालणं विसरा. तेव्हापासून कुणाचा तरी दंड धरल्याशिवाय तिने पाऊल टाकलं नाही. मला त्या टाइल्सचा इतका संताप आला होता की फोडताना पहिला घाव मीच घातला.

नवी फरशी शोधायला तुर्भ्याच्या दुकानांत फिरलो. नवऱ्याला लाकडी हवी होती, पायाला ऊबदार म्हणून. पण खाडीच्या दमट हवेत आमची दारंसुद्धा फुगतात, तिथे जमिनीची काय कथा? शेवटी मी बिनपॉलिशचा कोटा पसंत केला. नुसता दगड. ना रसायनांचा वास, ना काही वर्षांनी उखडून फेकायची कटकट. चपला काढल्या, बाटलीतलं पाणी लादीवर ओतलं आणि त्यावर चालून पाहिलं. पाय जरासुद्धा घसरला नाही.

दुकानदार म्हणाला, "ताई, हा लोक पार्किंगला लावतात."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "गाडी घसरलेली चालत नाही, मग माझी आई घसरलेली चालते का?"

लाद्या बसल्या तशी साफसफाईसाठी घर मिस्त्रीवर सोडून आम्ही आईला आणायला गेलो. परतीच्या वाटेवर ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "फरशी ओली नाही ना गं?" तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती. मी नाही नाही म्हणत होते.

लिफ्टमधून बाहेर आलो आणि मशीनची घरघर ऐकू आली.

आमचा मिस्त्री हॉलला पॉलिश करत होता. बिनपॉलिशची लादी बसवली की वर मशीन फिरवायचीच, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं की त्याने विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. "मावशी येनार म्हणून एकदम आरसा करून देतो," तो हसत म्हणाला. मी इतक्या जोरात "बंद कर" म्हणाले की शेजारचं दार उघडलं.

त्याने खिडकीपासून सुरुवात केली होती. अर्धा हॉल चकाकत होता, दाराकडचा अर्धा तसाच खरबरीत होता. पण मशीनचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आईने ते पाहिलं आणि ती जागीच थिजली. मी तिला परत लिफ्टकडे वळवू लागले. मी रडायच्या बेतात होते.

"थांब," ती म्हणाली. तिने चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल ओल्या दगडावर ठेवलं. दाबून पाहिलं. मग दुसरं. चकाकी सुरू होते तिथे ती थांबली.

"माझी खिडकीतली खुर्ची तोवर इकडे आणा," ती मिस्त्रीला म्हणाली. "आणि तिकडचं तेवढं परत खरबरीत करून द्या बाबा."

मी माझ्या दंडाकडे पाहिलं. तिच्या बोटांचे वळ उमटले होते. हात तिने उंबऱ्यातच सोडला होता.