पट्टी तापेपर्यंत

"गप बसा, पट्टी धरलीय!" आमचे सर कोणालाही असं दटावायचे. एकदा खुद्द प्राचार्यांना दटावलं, आणि प्राचार्य बिचारे दारातच हाताची घडी घालून उभे राहिले!

परभणीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पट्ट्या ओढून तोडायचं यंत्र सरांच्या ताब्यात होतं. एकदा भट्टीत घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, अशा रेझिनमध्ये कार्बनचं कापड बसवून मी पट्ट्या केल्या होत्या. भयंकर उष्णतेत त्या किती ताण सोसतात, ते बघायचं होतं. पट्टी तुटली की आम्ही पोरं पडद्यावरच्या आकड्याकडे धावायचो. सर मात्र तुकडे खिडकीशी नेऊन मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवत बसायचे. तुम्ही बघितलं असतं, तर म्हणाला असता, हा माणूस नाडी बघतोय की काय!

माझ्या पट्ट्या एकामागून एक फारच लवकर मोडल्या. रेझिन संपलेलं, प्रबंध द्यायची मुदत तोंडावर. एम.टेक.चं वर्ष बुडणार म्हणून मी तिथंच रडू लागले.

"रडायलीस कशाला, पोरी? तुझा माल लय चांगला हाय," सर म्हणाले. "हे बघ, यंत्र पट्टी धरतं त्या जबड्यापाशीच सगळ्या मोडल्यात. यंत्राचा जबडा चावलाय त्यांना. ही मोड धरायचीच न्हाई. मधोमध मोडली तरच खरी."

चार-पाच पट्ट्या शिल्लक होत्या. जबडा रुतू नये म्हणून सरांनी त्यांच्या टोकांना जाड तुकडे चिकटवले आणि भट्टीत पक्के व्हायला ठेवले. दुसऱ्या दिवशी सरांचा सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ होता.

सभागृहात शाल, नारळ, हार, सगळं तयार. शिपाई बोलवायला आला, मग विभागप्रमुख आले. "सर, पाहुणे ताटकळलेत!"

"बसू द्या की. पट्टी तापायलीय."

"सर, जा ना तुम्ही, मी करते," मी काकुळतीला आले.

"हार काय पळून चाललाय का? तू गप बस."

पहिली पट्टी धाडकन मोडली. बरोबर मधोमध! मग दुसरी, तिसरी. शेवटचा तुकडा हातात घेतल्यावरच सर उठले.

आता सर नाहीत. नोकरीत जे काही नाव कमावलं, ते त्यांच्यामुळेच, हे मी कोणालाही सांगते. त्या दिवशी सर हार घालून माइकसमोर उभे राहिले आणि एवढंच बोलले, "पोरीच्या सगळ्या पट्ट्या मधोमध मोडल्या. आता घरी जायला हरकत न्हाई." लोकांना काही कळलं नाही, तरी टाळ्या वाजल्या. मी मागच्या रांगेत तोंडाला ओढणी लावून रडत होते.